चित्रकथांची जत्रा

(आवडत्या लेखकाला, चित्रकाराला किंवा नटाला एकदा तरी प्रत्यक्ष भेटावे, असे आपल्या सर्वांनाच वाटते. अशा भेटी घडवून आणणाऱ्या एका मोठ्या संमेलनाची माहिती या पाठात दिली आहे. ते कसे सुरू झाले, तेथे काय चालते आणि अशा भेटीच्या वेळी आपण कसे वागावे, हे पाठ वाचून समजून घ्या.)

तुमच्या गावात कधी मुशायरा झाला आहे का? लांबलांबचे शायर येतात. रात्री उशिरापर्यंत श्रोते ऐकत बसतात, दाद देतात. शेवटचा शायर उठला, की काही मुले हातात वही घेऊन व्यासपीठाकडे धाव घेतात. त्यांना स्वाक्षरी हवी असते. पण केवळ स्वाक्षरीच हवी असते का? ज्याचे शेर आपल्याला पाठ आहेत, तो माणूस जवळून कसा दिसतो, कसा बोलतो, कसा हसतो, हे त्यांना पाहायचे असते. पुस्तकातले नाव आणि समोरचा माणूस यांची गाठ घालून पाहायची असते.

अशीच एक जत्रा अमेरिकेत भरते. पण ती शायरांची नव्हे, चित्रकथांची. कॅलिफोर्निया राज्यात, पॅसिफिक महासागराच्या काठी, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ सॅन दिएगो नावाचे शहर आहे. तेथे दर वर्षी उन्हाळ्यात, बहुधा जुलै महिन्यात, ही जत्रा भरते. तिला ‘कॉमिक-कॉन’ म्हणतात. कॉमिक म्हणजे चित्रकथा. ‘कॉन’ हे ‘कन्व्हेन्शन’ या शब्दाचे छोटे रूप आहे. कन्व्हेन्शन म्हणजे संमेलन. चार दिवसांच्या या संमेलनाला सुमारे १,३०,००० लोक येतात. चित्रकार, लेखक, चित्रपटांतील नट-नट्या आणि त्यांचे चाहते अशी सर्वांची तेथे गर्दी होते.

आज या जत्रेचा थाट मोठा आहे; पण तिची सुरुवात फार लहान होती.

एके काळी अमेरिकेत चित्रकथांना कोणी मान देत नसे. ही मुलांची वेळ घालवण्याची साधने आहेत, असे बऱ्याच पालकांना आणि शिक्षकांना वाटे. चित्रकथा वाचून मुले बिघडतात, असेही काही लोक म्हणत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस काही गावांत तर चित्रकथांच्या पुस्तकांची जाहीर होळी करण्यात आली. मग ही पुस्तके आवडणाऱ्या मुलांनी काय करावे? ती लपूनछपून वाचत, गादीखाली ठेवत आणि आपल्यासारखा दुसरा कोणी वाचक भेटतो का, याचा शोध घेत.

१९६९ साली शेल डॉर्फ नावाचे एक गृहस्थ डेट्रॉइट शहरातून सॅन दिएगोला राहायला आले. ते तिशीतले होते. डेट्रॉइटमध्ये त्यांनी चित्रकथांच्या चाहत्यांचे मेळावे भरवले होते. सॅन दिएगोत त्यांची काही मुलांशी ओळख झाली. त्यांतील बरीचशी तुमच्यापेक्षा थोडीच मोठी होती. रिचर्ड आल्फ हा त्यांतलाच एक. शाळेत शिकत असतानाच तो जुन्या चित्रकथा टपालाने विकत असे. केन क्रूगर हे पुस्तकविक्रेतेही त्यांना येऊन मिळाले. आपल्या शहरात चित्रकथांचे संमेलन भरवायचे, असे या मंडळींनी ठरवले.

पण संमेलनाला पाहुणा हवा. डॉर्फ यांची जॅक कर्बी या चित्रकाराशी ओळख होती. कर्बी नुकतेच कॅलिफोर्नियात राहायला आले होते. कॅप्टन अमेरिका, फँटॅस्टिक फोर, हल्क, एक्स-मेन ही पात्रे आज जगभरच्या मुलांना ठाऊक आहेत. त्या सर्वांच्या निर्मितीत कर्बी यांच्या लेखणीचा आणि कुंचल्याचा वाटा होता. डॉर्फ या मुलांना घेऊन थेट कर्बी यांच्या घरी गेले. ज्याची चित्रे पाहत आपण वाढलो, तो माणूस आपल्याला घरात बसवून आपल्याशी गप्पा मारतो आहे, याचे त्या मुलांना केवढे नवल वाटले असेल!

पैसे जमवण्यासाठी त्यांनी आधी एक छोटा मेळावा घेतला. २१ मार्च १९७० या दिवशी यू. एस. ग्रँट या हॉटेलात तो भरला. सुमारे शंभर माणसे आली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात तीन दिवसांचे पहिले मोठे संमेलन झाले. त्याला सुमारे तीनशे लोक हजर होते. जॅक कर्बी पाहुणे म्हणून आले. प्रसिद्ध लेखक रे ब्रॅडबरी हेही आले.

ब्रॅडबरी यांच्या लहानपणची एक गोष्ट येथे सांगायला हवी. ते नऊ वर्षांचे असताना वर्तमानपत्रात ‘बक रॉजर्स’ नावाची चित्रमालिका छापून येई. ब्रॅडबरी रोजचे चित्र कापून जपून ठेवत. वर्गातल्या मुलांनी त्यांची टिंगल केली. लाजेपोटी त्यांनी तो सगळा संग्रह फाडून टाकला. काही दिवसांनी त्यांना रडू कोसळले. आपण आपल्याच आवडीची वस्तू दुसऱ्यांच्या बोलण्यावरून नष्ट केली, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी पुन्हा चित्रे जमवायला सुरुवात केली आणि टिंगल करणाऱ्यांचे ऐकायचे नाही, असे ठरवले. पुढे ते मोठे लेखक झाले. ‘फॅरनहाइट ४५१’ ही त्यांची कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुस्तके जाळणाऱ्या एका समाजाची ती कथा आहे. ब्रॅडबरी म्हातारपणीही कॉमिक-कॉनला येत. नव्वदी गाठत असताना, २०१० साली, ते शेवटचे आले. ज्या आवडीची एकदा लाज वाटली होती, ती आवड असलेल्या हजारो लोकांमध्ये ते आनंदाने बसत.

आता या जत्रेत प्रत्यक्ष काय चालते, ते पाहू.

समजा, तुम्ही तेथे पोचला आहात. समुद्राकाठी एक प्रचंड इमारत आहे. १९९१ पासून संमेलन याच इमारतीत भरते. आत जाण्यासाठी गळ्यात बिल्ला हवा. हे बिल्ले कित्येक महिने आधी विकले जातात आणि पाहता पाहता संपतात. दारावरचे स्वयंसेवक बिल्ला पाहिल्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. आत शिरताच एक भलामोठा बाजार दिसतो. जुनी-नवी पुस्तके, खेळणी, चित्रे यांची दुकाने दूरवर पसरलेली असतात. कोणी कोळ्यासारखा पोशाख केलेला, कोणी अंगाला हिरवा रंग लावलेला, कोणी पाठीवर पंख बांधलेला. आवडत्या पात्रासारखी वेशभूषा करून येणे, ही या जत्रेची मोठी हौस आहे. कित्येक जण आपला पोशाख महिनोन्‌महिने खपून घरीच शिवतात. वेशभूषेची स्पर्धाही होते. लाकडी तलवार किंवा खोटी बंदूक असेल, तर ती आधी तपासून घ्यावी लागते. येथे एक नियम सर्वांनी पाळायचा असतो. कोणी कितीही मजेदार पोशाख केला असला, तरी न विचारता त्याला हात लावायचा नाही आणि छायाचित्र घेण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यायची.

नामवंतांना भेटण्याचे येथे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सभागृहाचा. ‘एच’ नावाचे एक सभागृह आहे. त्यात सुमारे साडेसहा हजार लोक बसू शकतात. नव्या चित्रपटांतील नट आणि दिग्दर्शक तेथे व्यासपीठावर येऊन गप्पा मारतात. या सभागृहात जागा मिळावी म्हणून लोक आदल्या रात्रीपासून रांग लावतात. फुटपाथवर अंथरूण टाकून झोपतात. रांगेत अनोळखी माणसांची ओळख होते. कोणी खाऊ वाटतो, कोणी पत्ते काढतो, कोणी शेजाऱ्याची जागा राखतो. सभागृहात काहींना प्रश्न विचारण्याची संधी मिळते. पण बाकीच्या हजारो लोकांना आपला आवडता नट दुरूनच पाहावा लागतो. मागच्या रांगेतल्यांना तर तो पडद्यावरच नीट दिसतो!

दुसरा मार्ग स्वाक्षरीचा. ठरावीक वेळी नामवंत मंडळी टेबलाशी बसून स्वाक्षऱ्या देतात. मागणी फार असेल, तर सोडत काढतात. चिठ्ठी निघाली, तर भेट. नाही तर नाही. काही संमेलनांत नट-नट्या स्वाक्षरीचे आणि सोबत छायाचित्र काढण्याचे पैसे घेतात. ते पुष्कळदा महाग असते. तेव्हा आपल्या खिशात किती आहे आणि त्यातून काय घ्यायचे, हे घरूनच ठरवून आलेले बरे.

तिसरा मार्ग मात्र सर्वांना मोकळा आहे. त्या प्रचंड बाजाराच्या एका भागात चित्रकारांची गल्ली असते. लहान लहान टेबले मांडून चित्रकार ओळीने बसलेले असतात. समोर कागद, हातात पेन. तुम्ही टेबलापाशी उभे राहायचे आणि बोलू लागायचे. तुमच्यासमोरच ते चित्र काढतात. नाकाची रेघ आधी की डोळ्याची, सावली कशी भरतात, हे सगळे जवळून दिसते. चित्रपटातल्या नटाला भेटायला आलेली कित्येक मुले या गल्लीत रमतात आणि चित्रकलेचे वेड घेऊन घरी जातात. नवोदितांनी आपल्या चित्रांची वही आणली, तर अनुभवी संपादक ती पाहून चुका सांगतात, अशीही सोय या संमेलनात असते.

येथे एक प्रश्न मनात येतो. चित्रकारांना भेटण्याचे एवढे काय महत्त्व? पात्रे तर पुस्तकात भेटतातच. याचे उत्तर सुपरमॅनच्या गोष्टीत आहे.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात जेरी सिगल आणि जो शुस्टर हे दोन शाळकरी मित्र होते. एक कथा लिही, दुसरा चित्रे काढी. दोघेही गरीब घरचे. त्यांनी सुपरमॅन हे पात्र तयार केले. १९३८ साली त्यांनी त्याचे सर्व हक्क एका कंपनीला अवघ्या १३० डॉलरना विकून टाकले. सुपरमॅन जगप्रसिद्ध झाला. त्याची पुस्तके लाखांनी खपली. पण त्याच्या निर्मात्यांचे दिवस पालटले नाहीत. पुढे तर पुस्तकावर त्यांचे नावही छापले जाईना. शुस्टर यांची नजर अधू झाली. दोघेही हलाखीत दिवस काढू लागले.

१९७५ साली सिगल यांनी आपली व्यथा वर्तमानपत्रांना कळवली. दुसरे चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले. वाचकांनाही वाईट वाटले. त्याच वर्षी कॉमिक-कॉनने सिगल आणि शुस्टर यांना आपला ‘इंकपॉट’ पुरस्कार दिला. इंकपॉट म्हणजे दौत. अखेर वर्ष संपता संपता कंपनीने दोघांना दर वर्षी २०,००० डॉलर द्यायचे कबूल केले आणि सुपरमॅनच्या कथेवर त्यांची नावे पुन्हा छापायचे मान्य केले. १९३८ सालच्या त्या पहिल्या अंकाची एक जुनी प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरना विकली गेली. हा आकडा १३० च्या शेजारी लिहून पाहा, म्हणजे कलावंताची कदर वेळेवर होणे का गरजेचे असते, ते कळेल.

पात्र सर्वांना माहीत असते. पण ते घडवणारा हात कोणाला माहीत नसतो. कॉमिक-कॉनसारख्या संमेलनाने तो हात लोकांसमोर आणला. वाचकाने चित्रकाराचे नाव विचारले, त्याच्याशी हस्तांदोलन केले, त्याची स्वाक्षरी मागितली. ज्याला कोणी ओळखत नव्हते, त्याला लोक ओळखू लागले. हे या जत्रेचे खरे काम आहे.

२०२३ सालची गोष्ट याला जोडून पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी अमेरिकेतील चित्रपट-लेखक आणि नट संपावर होते. जुलैमधल्या कॉमिक-कॉनला बहुतेक नामवंत नट आलेच नाहीत. जत्रा ओस पडेल, असे काहींना वाटले. तसे झाले नाही. लोक आले. चित्रकारांच्या गल्लीत आणि पुस्तकांच्या दुकानांत गर्दी झाली. संमेलन ज्यांच्यासाठी सुरू झाले होते, त्यांच्याकडेच लोकांचे लक्ष पुन्हा वळले.

आपल्या देशातही अशी संमेलने भरू लागली आहेत. २०११ सालच्या फेब्रुवारी महिन्यात दिल्लीत पहिले कॉमिक-कॉन झाले. त्यात अनंत पै यांना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. मुंबईहून निघणाऱ्या ‘अमर चित्र कथा’ या मालिकेचे ते संस्थापक. ही मालिका त्यांनी १९६७ साली सुरू केली. मुले त्यांना प्रेमाने ‘अंकल पै’ म्हणत. पुरस्कारानंतर पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारी २०११ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांची कदर अगदी वेळेवर झाली, असेच म्हणावे लागेल. पुढे मुंबई, बंगळूर, हैदराबाद या शहरांतही अशी संमेलने होऊ लागली.

चाहता हा केवळ चाहताच राहतो, असेही नाही. २०१४ साली ‘मिस मार्व्हल’ ही नवी चित्रकथा-मालिका अमेरिकेत निघाली. तिची नायिका कमला खान ही पाकिस्तानातून अमेरिकेत गेलेल्या मुस्लिम कुटुंबातील शाळकरी मुलगी आहे. ती स्वतः शूरवीर पात्रांची चाहती आहे. २०२२ साली या कथेवर दूरचित्रवाणी मालिका निघाली. तिच्या पहिल्याच भागात कमला घरच्यांचा डोळा चुकवून अशाच एका संमेलनाला जाते. कमलाचे काम इमान वेलानी या मुलीने केले. तीही लहानपणापासून या चित्रकथांची वाचक होती. पुढे २०२३ साली तिने कमलाच्या एका चित्रकथेच्या लेखनातही भाग घेतला. वाचक, मग नटी आणि मग लेखिका, असा तिचा प्रवास झाला.

आता समजा, तुमच्या आवडत्या माणसाला भेटण्याची संधी तुम्हांला मिळाली. मग ते सॅन दिएगो असो, मुंबई असो, नाही तर तुमच्या गावचा मुशायरा असो. तेव्हा काय कराल?

रांगेत उभे असतानाच, काय बोलायचे ते मनाशी ठरवा. बहुतेकांना अर्धे-एक मिनिटच मिळते. समोर गेल्यावर जीभ अडखळते आणि वेळ निघून जातो. आपले नाव एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे स्वाक्षरी देणाऱ्याला ते विचारत बसावे लागत नाही. “तुम्ही मला फार आवडता,” असे तर सगळेच म्हणतात. त्यापेक्षा त्यांचे कोणते काम आवडले आणि का आवडले, ते एका वाक्यात सांगा. एखादा छोटा प्रश्न विचारा. “हे चित्र काढताना सर्वांत अवघड काय वाटले?” असा प्रश्न ऐकला, की थकलेला चित्रकारही मान वर करून पाहतो. घरच्या गोष्टी विचारू नका. मागे रांगेत दुसरेही उभे आहेत, हे विसरू नका. आभार मानून बाजूला व्हा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. समोरचा माणूस सकाळपासून शेकडो लोकांशी बोललेला असतो. त्याचा हात दुखत असतो. कदाचित तो हसणार नाही. कदाचित स्वाक्षरी देताना तुमच्याकडे पाहणारही नाही. त्यामुळे मन खट्टू करून घेऊ नका. पडद्यावर उडणारा वीर प्रत्यक्षात तुमच्या-आमच्यासारखाच दमणारा माणूस असतो. त्याला माणूस म्हणून पाहणे, हीच खरी भेट. त्याला देव मानून त्याच्यामागे धावलो, तर पदरी निराशा येते. त्याच्याकडून काही शिकलो, तर भेट कारणी लागते.

आणि भेट झालीच नाही तर? तरीही पुस्तक आपल्याजवळ असतेच. त्याच्या पहिल्या पानावर लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव छापलेले असते. पुष्कळ मुले ते न वाचताच पान उलटतात. यापुढे तसे करू नका. कथा सुरू करण्याआधी ती नावे वाचा. आवडत्या माणसाची पहिली ओळख तेथेच होते, आणि तिच्यासाठी रांग लावावी लागत नाही.

स्वाध्याय

१. कॉमिक-कॉनची सुरुवात कोणी व कशी केली?
२. रे ब्रॅडबरी यांनी आपला चित्रसंग्रह का फाडला? पुढे त्यांना काय वाटले?
३. नामवंतांना भेटण्याचे तीन मार्ग कोणते? त्यांपैकी तुम्हांला कोणता आवडेल? का?
४. सिगल आणि शुस्टर यांची हकिकत तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या आवडत्या लेखकाला किंवा कलावंताला तुम्ही भेटलात, अशी कल्पना करा. तुम्ही त्यांना कोणता एक प्रश्न विचाराल? पाच वाक्यांत लिहा.